योगवर्गाचे शुल्क आणि साधनेचे मोल

योग शिकवण्यासाठी पैसे घेतले तर त्या शिक्षणाचे आध्यात्मिक मोल घटते का, हा प्रश्न धाराशिव जिल्ह्यात केवळ तात्त्विक चर्चेपुरता उरत नाही. कारण सोयाबीन-तुरीच्या एका हंगामावर वर्षाचा खर्च बेतणाऱ्या कुटुंबाला दरमहा शुल्क भरणे आणि त्याच परिसरात वर्ग चालवणाऱ्या शिक्षकाला शुल्कावाचून घर चालवणे, या दोन्ही गोष्टी सारख्याच अवघड असतात. केंद्र सरकारने २०१८ मध्ये आकांक्षित जिल्ह्यांची जी यादी केली, तीत महाराष्ट्रातील मोजक्या जिल्ह्यांबरोबर तेव्हाच्या उस्मानाबादचा समावेश होता, आणि त्याच्या तीन वर्षे आधी, २१ जून २०१५ रोजी, पहिला आंतरराष्ट्रीय योगदिन साजरा होऊन योग सरकारी कार्यक्रमपत्रिकेवर आला होता. एका बाजूला योगाची मागणी वाढत गेली आणि दुसऱ्या बाजूला लोकांची पैसे देण्याची ऐपत पावसाच्या लहरीवर राहिली, अशा ठिकाणी शुल्काचा प्रश्न नीतीचा होतो तसाच पोटाचाही होतो.

या प्रश्नाचे दोन पक्ष येथे संवादरूपाने मांडले आहेत. पहिला पक्ष तेर परिसरातील, पंढरीची वारी करणाऱ्या एका वृद्ध गृहस्थाचा आहे, आणि दुसरा धाराशिव शहरात भाड्याच्या सभागृहात सकाळ-संध्याकाळ वर्ग घेणाऱ्या योगशिक्षिकेचा. दोघेही प्रातिनिधिक असून कोणा विशिष्ट व्यक्तींची ती चित्रे नाहीत. मात्र दोघांचेही म्हणणे या भागात प्रत्यक्ष ऐकू येणारे आहे.

गृहस्थ : ताई, ज्ञान विकू नये, हे वारकरी पंथात लहान मुलालाही सांगावे लागत नाही. कीर्तनकाराने ज्या गावी कीर्तन केले त्या गावचे अन्न घेऊ नये, गळ्यात माळ घालून घेऊ नये, बैलासाठी चारासुद्धा मागू नये, असे तुकोबांनी सांगितले आणि पैसे घेणाऱ्याबरोबर देणाऱ्यालाही दोषी ठरवले. विष्णुबुवा जोगांनी १९१७ मध्ये आळंदीला वारकरी शिक्षण संस्था काढली, तेव्हा मुलांना शुल्क लावले नाही. मुले मधुकरी मागून जेवत आणि शिकत. नागपूरच्या जनार्दनस्वामींनी तर योगच शिकवला आणि तो विनामूल्य शिकवला. मग धाराशिवच्या वर्गाला महिन्याचे पैसे कशासाठी?

गृहस्थांच्या या युक्तिवादामागे अपरिग्रहाची कल्पना आहे. पतंजलींच्या अष्टांगयोगात पहिले अंग यमाचे, म्हणजे इतरांशी वागताना पाळावयाच्या संयमाचे. त्यात अहिंसा, सत्य, अस्तेय आणि ब्रह्मचर्य यांच्यानंतर अपरिग्रह येतो, ज्याचा अर्थ गरजेपलीकडे काहीही न स्वीकारणे व न साठवणे असा केला जातो. आसन हे या क्रमात तिसरे अंग आहे आणि योगसूत्रांच्या सुमारे १९५ सूत्रांपैकी आसनाविषयी थेट बोलणारी सूत्रे अवघी तीन आहेत. त्यामुळे ज्या वर्गात आसने शिकवली जातात पण ज्याच्या दारातच परिग्रह सुरू होतो, तो वर्ग पहिली पायरी मोडून तिसरीवर चढू पाहतो, हा आक्षेप वरवरचा म्हणता येत नाही. जिल्ह्याच्या भूमीवर या अपरिग्रहाचे टोकाचे उदाहरणही आहे. भूम तालुक्यातील कुंथलगिरी या दिगंबर जैन सिद्धक्षेत्री आचार्य शांतिसागर महाराजांनी सल्लेखना, म्हणजे आहाराचा क्रमाने त्याग करून देह ठेवण्याचे व्रत, स्वीकारून १८ सप्टेंबर १९५५ रोजी देह ठेवला. अंगावर वस्त्रही न बाळगणाऱ्या मुनीच्या उपदेशाला शुल्क असण्याची कल्पनाही करता येत नाही.

शिक्षिका : काका, कुंथलगिरीचे उदाहरण घ्यावेच, पण पूर्ण घ्यावे. मुनी काही जवळ ठेवत नाहीत हे खरे. परंतु त्यांच्या आहाराची व्यवस्था श्रावक करतात आणि विहाराच्या मार्गावर गावोगावचा समाज त्यांच्या पाठीशी उभा असतो. आळंदीच्या विद्यार्थ्यांची मधुकरीही कोणा गृहिणीच्या चुलीवरच शिजत होती. खर्च कुठेच नाहीसा होत नाही, तो फक्त शिकणाऱ्याकडून दुसऱ्या कोणाकडे जातो. हठयोगप्रदीपिकेत साधकाने कुटी कुठे बांधावी हे सांगताना, राज्य सुव्यवस्थित असावे आणि तिथे भिक्षा सहज मिळावी, अशी अट घातली आहे. ग्रंथकाराला ठाऊक होते की योग्यालाही कोणीतरी जेवू घालावे लागते. आज भाड्याची खोली घेऊन वर्ग चालवणाऱ्या बाईला कोणते गाव मधुकरी घालणार आहे?

गृहस्थ : म्हणूनच तर गोरोबाकाकांचे नाव घ्यायचे, ताई. तेरला त्यांनी मडकी घडवली, विकली आणि त्यावर प्रपंच केला. भक्ती मात्र विकली नाही. पोट एका कामावर चालवावे आणि परमार्थ मोकळा ठेवावा, हीच संतांची रीत. नामदेव शिंपी, सावता माळी, तुकोबा वाणी. प्रत्येकाचा धंदा निराळा होता आणि अभंग मोकळा होता.

या ठिकाणी गृहस्थांनी आपल्या पक्षाचे सर्वांत बळकट प्रमाण पुढे ठेवले आहे, आणि त्याला उत्तर देताना शिक्षिकेला संतपरंपरेच्या बाहेर, आधुनिक योगाच्या इतिहासात जावे लागते. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन करून श्वसन, रक्तदाब इत्यादींवर योगक्रियांचा काय परिणाम होतो याचे प्रयोगशाळेत मापन सुरू केले, आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक काढले. हे काम धंदा सांभाळून फावल्या वेळात होण्याजोगे नव्हते. त्याला दात्यांचा, पुढे शासनाचा आधार लागला. बी. के. एस. अय्यंगार १९३७ मध्ये पुण्याला योग शिकवण्यासाठी आले तेव्हा जेमतेम विशीच्या उंबरठ्यावर होते आणि पुढची कित्येक वर्षे त्यांनी अर्धपोटी काढली. त्यांनी शिकवणे हेच उपजीविकेचे साधन ठेवले आणि त्यामुळेच दिवसाचे अनेक तास अभ्यासाला देता आले, ज्याचे फळ १९६६ च्या त्यांच्या इंग्रजी ग्रंथात आणि १९७५ मध्ये पुण्यात उभ्या राहिलेल्या संस्थेत दिसते. भक्ती हातातल्या कामाबरोबर चालू शकते, किंबहुना ती तशीच चालावी असा संतांचा आग्रह होता. परंतु दुसऱ्याच्या मणक्याला, गुडघ्याला आणि श्वासाला हात घालणारी विद्या दीर्घ प्रशिक्षण मागते, हा फरक गृहस्थांच्या उदाहरणात येत नाही.

शिक्षिका : आणखी एक गोष्ट, काका. जुन्या काळी विद्या विनामूल्य होती असे म्हटले जाते. स्मृतिग्रंथांनी वेतन घेऊन शिकवणाऱ्याला भृतकाध्यापक म्हणून हिणवले आणि श्राद्धाच्या पंक्तीतून उठवले, हेही खरे. पण त्या विनामूल्य विद्येच्या दारात कोणाला उभे राहू दिले जात होते? स्त्रीला नाही, कुंभाराला नाही, महाराला तर मुळीच नाही. आज शुल्काच्या वर्गात कळंबची, उमरग्याची, कोणत्याही जातीची बाई चटई टाकून बसते. पैशांचे दार अडवणारे आहे, हे मान्य. पण जन्माच्या दारापेक्षा ते पुष्कळ सैल आहे.

या उत्तरावर गृहस्थ काही काळ गप्प राहिले तर ते योग्यच होईल, कारण निःशुल्क ज्ञानाचा गौरव करताना त्या ज्ञानाभोवतीच्या कुंपणाचा उल्लेख टाळण्याची सवय मराठी लेखनातही दिसते. वारकरी पंथाने हे कुंपण तेराव्या शतकापासून मोडायला घेतले, म्हणून गृहस्थांना शिक्षिकेचे म्हणणे नाकारता येत नाही. पण तेवढ्याने शुल्काचे समर्थन होते असेही नाही, कारण एक दार सैल झाले म्हणून दुसरे अडवण्याची मुभा मिळत नाही. म्हणूनच ते चर्चा कायद्याकडे वळवतात.

गृहस्थ : बरे, सरकारचेच पाहू. योग हा धर्मादाय आहे की धंदा?

या प्रश्नाला भारतीय कायद्याने दिलेली उत्तरे बारकाईने पाहण्यासारखी आहेत. २०१५ च्या वित्त कायद्याने प्राप्तिकर कायद्यातील धर्मादाय हेतूंच्या व्याख्येत गरिबांना साहाय्य, शिक्षण, वैद्यकीय मदत यांच्या शेजारी योगाचा स्वतंत्र उल्लेख केला, आणि नोंदणीकृत धर्मादाय संस्थांनी अध्यात्माच्या वा योगाच्या प्रसारासाठी केलेल्या कार्याला सेवाकरातून, पुढे वस्तू व सेवा करातूनही, सूट मिळाली. म्हणजे कायद्याने योगाला एका अर्थी देवळाच्या आणि शाळेच्या रांगेत बसवले. मात्र पतंजली योगपीठ ट्रस्टच्या निवासी व अनिवासी शिबिरांचे प्रकरण जेव्हा न्यायाधिकरणापुढे आले, तेव्हा ऑक्टोबर २०२३ च्या निर्णयात असे ठरले की शिबिरासाठी घेतलेली रक्कम देणगी म्हणून जमा केली असली तरी प्रत्यक्षात ते प्रवेशशुल्कच होते, वेगवेगळ्या रकमांची तिकिटे होती, तिकिटाप्रमाणे सवलती निराळ्या होत्या, आणि म्हणून ही आरोग्य व तंदुरुस्तीची करपात्र सेवा होते. एप्रिल २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा निर्णय कायम ठेवला. सुमारे साडेचार कोटी रुपयांच्या कराचा तो प्रश्न होता.

गृहस्थ : झाले तर मग. न्यायालयानेच धंदा म्हटले.

शिक्षिका : न्यायालयाने कराचा प्रश्न सोडवला, काका, तिथे बसलेल्या माणसाचे चित्त स्थिर झाले की नाही हे त्याच्यापुढे नव्हतेच. पण त्या निर्णयातून एक गोष्ट घ्यावी. शुल्क घ्यायचे आणि पावतीवर देणगी लिहायचे, यात अपरिग्रहाच्या आधी सत्य मोडते, आणि यमांच्या क्रमात सत्य अपरिग्रहाच्या पुढे आहे. महिन्याचे इतके रुपये, असे फळ्यावर उघड लिहिणारा वर्ग त्यापेक्षा अधिक स्वच्छ आहे.

गृहस्थ : उघडपणाबद्दल वाद नाही. पण रकमेप्रमाणे सवलत, हे तर तुळजापुरातही आहे. पैसे भरले की आईचे दर्शन लवकर, नाही भरले की धर्मदर्शनाची लांब रांग. रांगेतल्या म्हातारीला त्यात काय वाटते, ते तिलाच विचारावे.

शिक्षिका : म्हणूनच तर योगवर्गात पुढच्या चटईचे तिकीट निराळे नसावे.

येथे दोन्ही पक्ष प्रथमच एका जागी येतात, आणि याच टप्प्यावर गृहस्थ महाराष्ट्रातीलच एका वेगळ्या व्यवस्थेचा दाखला देतात. इगतपुरीच्या धम्मगिरी केंद्रात १९७६ पासून सत्यनारायण गोएंका यांच्या परंपरेची विपश्यना शिबिरे होतात. दहा दिवसांच्या शिबिराला, राहण्या-जेवणासह, कोणतेही शुल्क नसते, शिकवणारे आचार्य मानधन घेत नाहीत, आणि दान फक्त त्याच साधकाकडून स्वीकारले जाते ज्याने किमान एक शिबिर पूर्ण केले आहे. या नियमाची रचना विचारपूर्वक केलेली आहे. साधकाने आधी लाभ घ्यावा, मग त्याला वाटले तर द्यावे, आणि दिलेले त्याच्या स्वतःच्या शिबिराची किंमत म्हणून न जाता पुढे येणाऱ्या अनोळखी साधकाच्या कामी यावे, अशी ती योजना आहे. प्राचीन गुरुदक्षिणेतही देण्याची वेळ विद्या पूर्ण झाल्यावरच येते. रघुवंशातील कौत्स गुरूंनी मागितलेल्या चौदा कोटींसाठी रघुराजाकडे जातो तो अध्ययन संपल्यावर. धम्मगिरीने दक्षिणेची ही वेळ राखली आणि तिच्यातील व्यक्तिगत ऋणाचा भाग काढून टाकला.

गृहस्थ : मग योगवर्गालाही हाच नियम का नको?

शिक्षिका : नियम उत्तम आहे, पण तिथले आचार्य स्वतःचे पोट दुसरीकडे भरून येतात, आणि देशोदेशीच्या साधकांच्या दानावर ती केंद्रे उभी आहेत. लोहाऱ्यासारख्या तालुक्याच्या गावी वीस-पंचवीस जणांचा वर्ग अशा दानावर चालायचा झाला, तर तो तीच बाई चालवू शकेल जिच्या नवऱ्याला पक्की नोकरी आहे. विनामूल्य शिकवण्याचा मान मग सुखवस्तू घरांकडेच राहील. आयुष्मान आरोग्य मंदिरांतली योगसत्रे रुग्णांना विनामूल्य असतात, पण तिथेही शिक्षकाला मानधन मिळते. ते सरकार देते, एवढाच फरक.

या उत्तरातील शेवटचा भाग महत्त्वाचा आहे. वर्ग विनामूल्य असतो तेव्हा पैसे देणारा पडद्याआड असतो. तो शासन असेल, दाता असेल, निवडणुकीची तयारी करणारा पुढारी असेल किंवा शिबिराच्या दाराशी चूर्ण आणि तेल मांडून बसलेली कंपनी असेल. शासन हजेरीचा आकडा मागते, पुढारी व्यासपीठ मागतो आणि कंपनी गिऱ्हाईक मागते. शिकणाऱ्याने काही दिले नाही म्हणून व्यवहार संपला असे होत नाही. कित्येकदा शिकणाऱ्यांची गर्दी हाच त्या व्यवहारातला माल होतो. त्यामुळे पैसे घेतले की नाही, यापेक्षा पैसे देणाऱ्याला त्या बदल्यात काय मागण्याचा अधिकार मिळतो, हा प्रश्न अधिक खोल जातो, आणि तो शुल्काच्या वर्गालाही तितकाच लागू पडतो. या बाबतीत धाराशिव जिल्ह्याची स्वतःची एक कथा निर्णायक ठरावी.

तेरला गोरोबाकाकांच्या घरी संतमेळा जमला असता मुक्ताबाईंनी कुंभाराचे थापटणे, म्हणजे ओले मडके ठोकून घडवण्याचे लाकडी साधन, पाहून ते कशासाठी असते असे विचारले, आणि मग गोरोबांनी त्याच थापटण्याने एकेका संताच्या डोक्यावर ठोकून पाहिले, अशी परंपरागत कथा आहे. बाकीचे शांत राहिले, नामदेवांनी मात्र राग धरला, आणि गोरोबांनी हे मडके कच्चे असल्याचा निर्वाळा दिला. पांडुरंगाशी बोलणारा, सर्वांत लाडका भक्त म्हणून ओळखला जाणारा माणूस भर सभेत कच्चा ठरला, दुखावला, आणि त्या दुखण्यातूनच पुढे विसोबा खेचरांकडे गुरुबोधासाठी गेला. गोरोबांना हे बोलता आले कारण नामदेवांना खूश ठेवण्यावर त्यांचे काहीच अवलंबून नव्हते. शुल्क आध्यात्मिक मोलाला बाध आणते ते याच जागी. पैशाच्या स्पर्शाने विद्या विटाळते ही समजूत बाजूला ठेवली, तरी महिनाअखेरीस पुन्हा शुल्क भरावे म्हणून शिक्षक जर ‘तुम्ही अजून कच्चे आहात’ हे वाक्य गिळू लागला, तर वर्गात शरीर वळत राहते आणि साधना थांबते.

समर्थ रामदासांनी दासबोधात गुरूची परीक्षा सांगताना, जो शिष्याला साधनेला लावत नाही आणि इंद्रियांवर ताबा ठेवायला शिकवत नाही असा गुरू कवडीमोलाने मिळाला तरी सोडून द्यावा, या आशयाचे मत दिले आहे. येथे गुरू पैसे घेतो की नाही ही कसोटी नाही. तो शिष्याला कष्टवतो की नाही ही आहे. दोन्ही परंपरा, वारकऱ्यांची आणि रामदासींची, या एका मुद्द्यावर जवळ येतात.

शिक्षिका : हे खरे आहे, काका, आणि ते मान्य करायला जड जाते. कोणी म्हणतो, कपालभाती लवकर शिकवा. रक्तदाब वाढलेला असतो, म्हणून नको म्हणावे लागते, आणि पुढच्या महिन्यात तो माणूस दिसत नाही. ज्याला नको म्हटले तो दुसऱ्या वर्गात जातो. तेव्हा ‘नको’ कमी वेळा म्हणण्याचा मोह प्रत्येक शिक्षकाला होतो.

गृहस्थ : फुकटच्या वर्गात तो होत नाही असे नाही, ताई. मैदानावर पाचशे जण बसवले की एकेकाला कच्चे कोण म्हणणार? तिथे थापटणे कोणाच्या डोक्यापर्यंत पोचतच नाही.

शिक्षिका : मग शुल्काने शिक्षकाचे काय विकत घ्यावे, ते ठरवता येईल. वेळ घ्यावा, जागेचे भाडे घ्यावे, शिकण्यामागची वर्षे घ्यावीत. पण फळाचे आश्वासन शुल्काबरोबर देऊ नये, आणि आतल्या पायऱ्यांना निराळ्या किमती लावू नयेत. आसनांचे इतके, प्राणायामाचे त्याहून जास्त, ध्यानाचे सर्वांत महाग, अशी चढती पाटी लागली की माणसाला वाटते, जास्त भरले म्हणून जास्त वर पोचलो.

गृहस्थ : आणि ज्याला भरताच येत नाही तो? सोयाबीन पाण्यात गेले त्या वर्षी?

शिक्षिका : त्याचे शुल्क माफ होते.

गृहस्थ : माफी मागायला लावून? शेतकरी माफी मागत नाही, वर्गच सोडतो. कोपऱ्यात बंद पेटी ठेवावी. कोणी किती टाकले, टाकले की नाही, हे शिक्षकालाही कळू नये.

शिक्षिका : पेटीत भाड्यापुरतेही पडले नाही तर?

गृहस्थ : भाडेच नसावे. देवळाचा सभामंडप रिकामा असतो, दिवसभर. गावाने जागा द्यावी. जागा दिली की शुल्क आपोआप निम्म्यावर येईल.

शिक्षिका : सभामंडपात काही जणी येणार नाहीत, काका. ज्या शहरात ख्वाजा शमसुद्दीन गाझींच्या दर्ग्यावर हिंदूही फूल चढवतात, त्या शहरातली मुसलमान बाई देवळात चटई टाकायला कचरेल, आणि तिला कचरू नको म्हणणे सोपे नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेची ओसरी बरी. तिथे सगळ्यांची पोरे शिकतात.

गृहस्थांना ओसरीची सूचना पटते. बंद पेटीचा आग्रह मात्र ते सोडत नाहीत, आणि ठरलेले शुल्क पहिल्या आठवड्यात गोळा केल्यावाचून घर चालत नाही, या मतावर शिक्षिका ठाम राहते. सकाळच्या सत्रात, जिथे शेतावर जाणाऱ्या बायका येतात, पेटी ठेवून पाहावी आणि नोकरदारांच्या संध्याकाळच्या सत्रात शुल्क चालू ठेवावे, इतपत ती वळते. त्यासाठी शाळेच्या व्यवस्थापन समितीकडे जागेचा अर्ज करावा लागेल, आणि त्या अर्जावर गृहस्थांची सहीही असावी असे ती सुचवते. ते सही करायला तयार होतात, पण अर्जात ‘विनामूल्य’ हा शब्द सकाळच्या सत्रापुढेच लिहावा, संध्याकाळच्या पुढे नको, अशी अट घालतात.